नाताळचा तारा: चाळीस रात्री कोणता टिकतो?

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी येतो. त्या सुमारास तारा दारावर चढतो आणि ६ जानेवारीला, तीन राजांचा सण झाला की उतरतो. म्हणजे पस्तीस ते चाळीस रात्री त्याला उघड्यावर काढायच्या असतात. मुंबई, वसई, गोवा या पट्ट्यात डिसेंबरात पहाटे दव पडतं, दुपारी ऊन कडक असतं आणि संध्याकाळी वारा सुटतो. दुकानात दिवा लावून टांगलेला कुठलाही तारा देखणाच वाटतो. म्हणून इथे प्रत्येक प्रकार या चाळीस रात्रींच्या हिशेबाने पाहिला आहे. शाळेच्या ताऱ्याचा हिशेब वेगळा, तो पुढे येईल.

आधी घडीच्या कागदी ताऱ्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त विकला जातो तोच. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, वांद्र्याचा हिल रोड, पुण्यात कॅम्प, सगळीकडे तो चपट्या घडीत मिळतो. जाड कार्डाचा, भोकांची नक्षी पाडलेला, भोकांमागे रंगीत पातळ कागद चिकटवलेला. पाच आणि सात टोकांचे तारे सर्रास दिसतात. घरासाठी आमची पसंती पाच टोकांच्या, १८ इंची ताऱ्याला. २४ इंची तारा गॅलरीत भव्य दिसतो खरा, पण वारा धरतो, आणि त्याचं कार्ड बहुधा छोट्या ताऱ्याइतक्याच जाडीचं असतं. पृष्ठभाग वाढतो, ताकद वाढत नाही. मग वरच्या भोकापाशी कागद फाटतो.

घेताना दोन गोष्टी बघाव्यात. घडीवरून बोट फिरवा. छपाईचा थर तडकून आतला पांढरा तंतू दिसत असेल तर पंधरा दिवसांत तिथेच चीर जाईल. आणि दोरी ओवायच्या भोकाला धातूची कडी आहे का ते पाहा. नसेल तर घरी भोकाच्या दोन्ही बाजूंना कापडी चिकटपट्टी लावून मगच भोक पाडून घ्या. नक्षीमागचा रंगीत कागद कडेने सुटलेला नाही ना, हे उजेडासमोर धरल्यावर लगेच कळतं.

हा तारा उघडताना घाई केली की तो बिघडतो. टोकं धरून ओढायची नाहीत. पंखा उघडावा तसा हळूहळू गोल फिरवत न्यायचा, आतल्या घड्या बोटाने बाहेर ढकलायच्या, आणि दोन्ही शेवटच्या बाजू एकमेकींना भिडण्याआधी बल्बचा होल्डर आत सोडायचा. बरेच जण आधी तारा बांधून टाकतात, मग होल्डर घालायला एक बाजू वाकवतात, आणि ती घडी कायमची मोडते. ताऱ्याचं वजन वायरीवर टाकू नका. तारा सुतळीवर टांगायचा, वायर तिच्या बाजूने सैल सोडायची. प्लगकडे जाताना वायर थोडी खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे दवाचं पाणी वायरीवरून ओघळत प्लगात न जाता त्या खालच्या वळणावर ठिबकतं.

आत कुठला बल्ब? ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब अजिबात नको. त्यात विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जातो, आणि बंद कागदात ती कोंडून कागद आधी पिवळा, मग करडा आणि ठिसूळ होतो. आगीची भीती तर आहेच. ५ वॅटचा एलईडी १८ इंची ताऱ्याला पुरतो, ९ वॅट फक्त मोठ्या ताऱ्यासाठी. एलईडीचा बुडाकडचा भाग गरम होतो, म्हणून वरचं तोंड कागद खुपसून बंद करू नये. रंगाकडेही लक्ष द्या. खोक्यावर २७०० ते ३००० के (केल्विन, उजेडाच्या छटेचं माप) लिहिलेला पिवळसर उजेड लाल आणि केशरी ताऱ्याला खुलवतो. ६५०० के चा पांढरा उजेड लावलात तर पिवळा कागद हिरवट दिसतो आणि लाल निस्तेज होतो. पांढऱ्या किंवा निळ्या ताऱ्यात मात्र तोच छान दिसतो.

दवाचं काय? कार्डाचा गोंद ओलाव्याने सुटतो, आणि सुटतो तो नेमका खालच्या टोकांत, कारण पाणी तिथे साचतं. टांगण्याआधी बाहेरच्या सगळ्या कडांवर पारदर्शक चिकटपट्टी घडीवर वळवून बसवा आणि खालच्या टोकाशी सुईएवढं छिद्र ठेवा. छज्जाखाली किंवा गॅलरीत आतल्या बाजूला टांगलेला असा तारा ६ जानेवारी गाठतो. उघड्या गच्चीवर तो गाठणार नाही.

गच्चीसाठी किंवा अंगणातल्या झाडासाठी प्लास्टिकचा खाचांत बसवायचा तारा घ्या. दवाची चिंता नाही, पुसता येतो. उजेड मात्र सपाट पडतो, कागदातून झिरपणारी ऊब त्यात नाही. जोडणीच्या जिभा पहिल्या वर्षी लवचिक असतात. ऊन खाऊन कडक झाल्या की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जोडताना तुटतात. म्हणून तो दरवर्षी सुटा करू नये, जागा असेल तर जोडलेलाच ठेवावा. एलईडीच्या पट्ट्यांचा चमकता तारा आम्ही सुचवणार नाही. १२ व्होल्टच्या पट्टीत दिवे तीन-तीनच्या गटात जोडलेले असतात. एक गेला की त्याच्या गटातले तिन्ही विझतात आणि ताऱ्याच्या बाहूत काळी खाच दिसते. त्याचा ॲडॉप्टरही बहुधा ओलाव्यासाठी बनवलेला नसतो.

आता सगळ्यात चांगला तारा: बांबूच्या कामट्यांचा, घरी किंवा वर्गात बांधलेला. दिवाळीचा आकाशकंदील ज्यांनी केला आहे त्यांच्याकडे निम्मं सामान उरलेलंच असतं.

साधारण ६० सेंमी रुंदीच्या ताऱ्यासाठी ६० सेंमीच्या, ४ ते ५ मिमी जाडीच्या १० कामट्या, १२ सेंमीचे ५ तुकडे, पतंगी कागदाचे ५० × ७५ सेंमीचे दोन ताव, जाड सुती दोरा आणि खळ लागते. कामट्या कोरड्या असतील तर तासभर पाण्यात भिजवा, नाहीतर वाकवताना फुटतात. दहाही कामट्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. एक जरी अर्धा इंच कमी पडली तरी तारा एका बाजूला झुकतो, आणि हा दोष नंतर सुधारता येत नाही.

प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंमीवर खूण करा. मध्ये १४ सेंमी उरतील. पाच टोकांच्या ताऱ्यात रेषा याच जागी एकमेकींना छेदतात, त्यामुळे नजरेने अंदाज करावा लागत नाही. पाच कामट्यांचा तारा मांडताना प्रत्येक कामटी एका कामटीच्या वरून आणि दुसरीच्या खालून गेली पाहिजे. असं विणलं की सांगाडा स्वतःच घट्ट बसतो. सगळ्या वरून टाकल्या तर तो बांधल्यावरही हलत राहतो. मुलांकडून चूक होते ती पाचव्या कामटीला, कारण ती शेवटी सरकवून ओवावी लागते.

असे दोन सांगाडे एकावर एक ठेवून पाचही टोकं एकत्र बांधा. मग आतल्या पाच छेदांमध्ये १२ सेंमीचे तुकडे उभे बसवा. तुकड्यांच्या दोन्ही टोकांना छोटी खाच पाडली तर ते निसटत नाहीत. तुकडे १५ सेंमीच्या पुढे गेले तर टोकांच्या गाठी ताणाने सुटतात. ८ सेंमीच्या खाली घेतले तर बल्ब कागदाला टेकतो.

कागद एकसंध चिकटवायचा मोह टाळा. तो खोलगट जागी चुरगळतो. पुढचा पंचकोन, मग पुढचे पाच त्रिकोण, मागचे पाच, आणि बाजूचे दहा बारीक त्रिकोण, असे वेगवेगळे कापा, प्रत्येकाला कामटीवर दुमडायला एक सेंमी जास्तीचा कागद ठेवा. मागचा पंचकोन उघडा सोडायचा. बल्ब तिथूनच आत जातो आणि उष्णता तिथूनच बाहेर पडते. खळ दोन चमचे मैदा एक कप पाण्यात शिजवून करा, आणि कामटीला लावा, कागदाला नाही. कागदाला लावली की तो ओला होऊन सैल पडतो. जुन्या रीतीने खळीत मोरचूद घालतात. मुलं हात घालणार असतील तर तो नकोच, तो विषारी असतो. ताजी खळ दोन दिवस पुरते.

शाळेत हा तारा दोन दिवसांत करावा: एका तासाला सांगाडा, दुसऱ्या दिवशी कागद. कामट्या आधी फोडून, धार घासून आणून द्या. चार मुलांचा गट ठीक, सहा झाले की दोघं नुसते बघत उभे राहतात. पाचवीपासूनची मुलं हे करू शकतात. त्याहून लहान मुलांना फक्त पाच कामट्यांचा एकेरी, सपाट तारा द्या. वर्गात तो नाताळच्या सुट्टीपर्यंतच टांगायचा असल्याने दिवा आणि दवाचा प्रश्नच येत नाही. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडला असेल तर तारा त्याच्या अगदी मधोमध न टांगता थोडा पूर्वेकडे टांगावा, आणि बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली, तारा पाहून निघालेल्या मागी लोकांची (पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजेच परंपरेतले तीन राजे) गोष्ट मुलांना तिथेच सांगावी.

भूमितीच्या शिक्षकांनी हा तास आनंदाने मागून घ्यावा असा आहे. जर्मनीतल्या मोरावियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या शाळांमध्ये एकोणिसाव्या शतकात भूमिती शिकवतानाच कागदी तारे बनू लागले. आज हर्नहुट गावच्या नावाने विकला जाणारा तारा त्यातूनच आला. त्याला १७ चौकोनी आणि ८ त्रिकोणी, अशी २५ टोकं असतात. तो नवशिक्यांच्या हाताबाहेरचा आहे, पण सातवी-आठवीच्या वर्गाला त्याचं चित्र दाखवून टोकं मोजायला लावणं फार सुंदर होईल.

उतरवल्यावर कागदी तारा लगेच घडी करू नका. दव आत मुरलेलं असतं, दोन दिवस घरात पंख्याखाली टांगून वाळवा. मग घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. कसर खळ आणि गोंद खायलाच येते. बांबूच्या ताऱ्याचा कागद सरळ फाडून टाका आणि सांगाडा भिंतीला टांगून ठेवा. पुढच्या नोव्हेंबरात फक्त दोन ताव लागतील.