जुना एएम४ बोर्ड की नवा एएम५ संच?

सोलापुरातील ज्या व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या संगणकात एएम४ बोर्डवर (एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या जुन्या सॉकेटचा मदरबोर्ड) रायझन ५ १६०० हा प्रोसेसर आहे, त्यांच्यापुढे मर्यादित पैशांत दोन पर्याय उरतात. उत्पादकाने बायोसची (बोर्डमधील मूळ सॉफ्टवेअरची) सुधारित आवृत्ती दिली असल्यास (ती जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच चढवावी) त्याच बोर्डवर सहा कोअरचा, ६५ वॅटचा रायझन ५ ५६०० बसतो, डीडीआर४ रॅम तीच चालते आणि वाचलेली रक्कम ग्राफिक्स कार्डाकडे वळवता येते, ज्याने बहुतेक खेळांत सर्वाधिक फरक पडतो. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ साठी मात्र प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम एकदम घ्यावी लागते. पुढील बदलांना वाव राहतो, पण कार्ड जुनेच राहते. माझा कौल निःसंशय पहिल्या पर्यायाला आहे. येथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून कॅबिनेटच्या जादा पंख्याचा खर्च दोन्हींत धरावाच.