रविवारी दाखवलेले शहर

परदेशातून येणाऱ्या तज्ज्ञांना व्हिसापासून मुलांच्या शाळाप्रवेशापर्यंत सर्व मदत करणारी एक स्थलांतर सेवा आमच्या कंपनीने गेल्या दोन वर्षांत दोन कुटुंबांसाठी घेतली. कागदपत्रांच्या बाबतीत तक्रारीला जागाच नाही. परवाने वेळेत मिळाले, भाडेकरार नीट समजावून दिला गेला आणि सामानही धड पोहोचले.

माझा आक्षेप आहे तो शहर दाखवण्याच्या दौऱ्याला. नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी येणाऱ्या अभियंत्याला आणि त्याच्या पत्नीला शहर दाखवतात; पहिल्या कुटुंबाचा हा दौरा सेवेने रविवारी सकाळी ठेवला. रस्ते मोकळे होते, घर ते कार्यालय हे ११ किलोमीटरचे अंतर २५ मिनिटांत पार पडले आणि त्याच भरवशावर घर ठरले. पहिल्याच सोमवारी त्याच रस्त्याला सव्वा तास लागला. पत्नीचे हाल तर त्याहून अधिक होते, कारण घरासमोरचा पदपथ थोड्या अंतरावर तुटत असे आणि तेथून बाबागाडी दोन्ही हातांनी उचलून, उघडे गटार ओलांडून, तिला वाहनांच्या गर्दीतूनच पुढे जावे लागे. बालवाडी हाकेच्या अंतरावर असूनही ती रोज टॅक्सी बोलावू लागली. आठव्या महिन्यात ते कुटुंब परत गेले, याची खंत मला आजही आहे.

जगभर माणसे रोजच्या ये-जा करण्याला सरासरी तासभर देतात, असे चेझारे मार्केती या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडले होते. आमच्या अभियंत्याचे रोजचे अडीच तास जात होते. मर्सर या सल्लागार कंपनीच्या जगभरातील शहरांच्या राहणीमान पाहणीत वाहतूक कोंडी आणि सार्वजनिक वाहतूक यांचाही विचार होतो, आणि अशा पाहण्यांच्या आधारे कंपन्या गैरसोयीच्या शहरांसाठी जादा भत्ता ठरवतात. तसा भत्ता त्यालाही मिळत होता. मूल झोपण्यापूर्वी घरी पोहोचणे मात्र त्याला जमत नव्हते.

दुसऱ्या कुटुंबाच्या वेळी मी दौरा सोमवारी सकाळी साडेआठला, ऐन गर्दीतच ठेवायला लावला आणि संध्याकाळचा परतीचा प्रवासही करवून घेतला. प्रतिनिधींनी आढेवेढे घेतले, पण पुढे कार्यालयापासून चालत जाता येईल असे लहानसे घर त्यांनीच मनापासून शोधून दिले. ते कुटुंब अजून येथेच आहे. पुढचे कामही मी याच सेवेला देईन. कामाच्या दिवशीचा दौरा मात्र करारात लेखी नोंदवून घेईन.