रेस फॉर द गॅलक्सी, नऊ महिने खेळल्यावर

हा गेम फेब्रुवारीत घेतला, आता नोव्हेंबर चालू आहे. मधे गोव्यातल्या आमच्या डिचोलीचा एक अख्खा पावसाळा गेला, आणि आमच्याकडे पावसाळ्यात जो कागद टिकला तो खरा कागद. किती डाव झाले ते मोजायचं जुलैत कधीतरी सोडून दिलं. बॉक्स उघडून दाखवणारे रिव्ह्यू ढीगभर आहेत, त्यामुळे मी मुद्दाम थांबलो होतो की जरा खेळून, हरून मग लिहू. हरणं भरपूर झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉम लेहमनने केलेला पत्त्यांचा गेम, 2007 मधे रिओ ग्रँड गेम्सने काढला, दोन ते चार जण खेळतात. प्रत्येकाकडे सुरुवातीचं एक जग असतं, ओल्ड अर्थ म्हणा, अल्फा सेंटॉरी म्हणा, आणि तिथून समोर एकेक पत्ता लावत आपलं साम्राज्य वाढवायचं. कुणाचे बारा पत्ते लागले की किंवा पॉइंटच्या चकत्या संपल्या की ती फेरी पुरी करून गेम खलास. बोर्ड नाही, फासे नाहीत.

यातली खरी गंमत म्हणजे वेगळे पैसे नाहीतच. चार किमतीचा पत्ता लावायचा तर हातातले दुसरे चार पत्ते टाकायचे. म्हणजे सुंगटं (कोळंबी) घ्यायची तर विसवण (सुरमई) फेकावी लागते, आणि पहिले दोन महिने माझ्याने काही फेकवायचंच नाही, प्रत्येक पत्ता बघून वाटायचं हा पुढे लागेल, मग हात दहाच्या वर जायचा आणि फेरीच्या शेवटी दहाच ठेवायचा नियम असल्यामुळे जास्तीचे तसेच फुकट जायचे. तोपर्यंत समोरच्याने चार जगं लावलेली असायची.

आता तक्रारी, कारण त्या आहेतच. पहिली खुणांची. पत्त्यांवर मजकूर कमी आणि चिन्हं जास्त, षटकोन, चौकोन, डोळा, लाल गोल, काळा गोल, आणि पहिल्या दिवशी ते बघून माझा दादा म्हणाला हे पत्ते आहेत की फ्यूज बॉक्सचा डायग्रॅम. पहिला डाव दोन तास चालला आणि त्यातला दीड तास नियमांच्या पुस्तकात गेला. आता आम्ही दोघं खेळतो तर अर्धा तासही लागत नाही, पण तिथपर्यंत पोचायला सात-आठ डाव जातात आणि पाहुण्यांना तेवढा धीर नसतो. कुणाला शिकवायचं असेल तर सगळं आधी समजावू नका, सरळ एक डाव हरू द्या, दुसऱ्यात आपोआप प्रश्न विचारतात.

दुसरी तक्रार गेमची नाही, विकणाऱ्याची. ऑनलाइन मागवला, बॉक्सचा कोपरा चेपलेला आला, ते सोडा, पण फेरीत काय करायचं ते निवडायला प्रत्येकाला पत्त्यांचा जो सेट मिळतो, त्यातल्या एका सेटमधला एक्सप्लोरचा पत्ताच नव्हता. दोन मेल टाकले, उत्तर आलं की तुमची तक्रार नोंदवली आहे, ती अजून नोंदवलेलीच आहे. मी लग्नाच्या एका जुन्या पत्रिकेचा पुठ्ठा कापून तसा पत्ता बनवला, आणि मग लक्षात आलं की हा पत्ता तर पालथा ठेवायचा असतो, मागून गणपतीचं चित्र दिसलं की सगळ्यांना कळणार मी एक्सप्लोर निवडलंय. म्हणून मागून काळी असणारी स्लीव्हज, म्हणजे पत्त्यांवर चढवायची प्लास्टिकची पाकिटं, घेतली. पत्ते दीडशेच्या आसपास आहेत, शंभरचं एक पाकीट पुरत नाही, साइझ 63.5 बाय 88 मिलिमीटर बघून घ्या.

आणि ते स्लीव्हजचं बरंच झालं म्हणायचं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भिंतीला ओल आली, कपाटातल्या पुस्तकांवर पांढरी बुरशी धरली, चकत्या जरा फुगल्या, पण पत्ते सरळ राहिले. डब्यात चपलांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्यात. स्लीव्हजचा तोटा एवढाच की गठ्ठा गुळगुळीत होतो, पिसताना हातातून सटकतो, आणि मूळच्या बॉक्समधल्या खाचेत मावत नाही. आता सगळा गेम बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात राहतो.

पणजीत ऑफिस असल्यामुळे येता-जाता मोबाइलवरही खेळतो, ॲप आहे. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत एक डाव, चोडणला उतरेपर्यंत बहुतेक वेळा हरलेला असतो. त्यातला कॉम्प्युटर बावळट नाही, केल्डन जोन्स नावाच्या माणसाने न्यूरल नेटवर्कवर शिकवलेला एआय आहे आणि तो अक्षरशः दया करत नाही. पत्त्यांची ओळख व्हायला ॲप मस्त आहे. पण त्याच्याशी खेळून एक चुकीची सवय लागते, आपण फक्त आपल्याच पत्त्यांकडे बघायला लागतो. आणि बरेच लोक या गेमबद्दल हेच म्हणतात, की प्रत्येक जण आपापलं खेळतो, समोरचा असला काय नसला काय. मीही मेपर्यंत हेच सगळ्यांना सांगत होतो. मूळ बॉक्समधे दुसऱ्यावर हल्ला करता येत नाही, त्याचं काही हिसकावता येत नाही, ते पुढच्या एका एक्स्पान्शनमधे (मूळ गेमला जोडायच्या जादा संचात) येतं, त्यामुळे वाटतंही तसंच.

हे माझं मत मोडलं वहिनीने.

वहिनी पेडण्याची, तिच्या माहेरी गणपतीच्या चवथीला रात्रभर रमी चालते आणि तिला पत्ते हातात दिले की बाकी जगाशी संबंध संपतो. मेमधे सुट्टीत पुतण्याला शिकवत होतो, तो दोन दिवसांत कंटाळून क्रिकेटला गेला आणि वहिनी त्याच्या जागी बसली. चिन्हांचा कागद तिने स्वतःच्या अक्षरात लिहून घेतला, वाटाण्याची भाजी शिजेपर्यंत पाठ केला, आणि तिसऱ्या डावापासून मला हरवायला लागली.

ती काय करायची ते सांगायला आधी फेज, म्हणजे फेरीतले टप्पे, सांगायला हव्यात. एक्सप्लोर (नवे पत्ते बघणं), डेव्हलप (सुधारणांचे पत्ते लावणं), सेटल (जगं लावणं), कन्झ्यूम (माल खपवून चकत्या घेणं), प्रोड्यूस (माल तयार करणं). प्रत्येकाने गुपचूप निवड करून पत्ता पालथा ठेवायचा, मग एकदम उलटायचे. जी फेज कुणीतरी निवडली ती सगळेच खेळतात, फक्त जादा फायदा निवडणाऱ्याला. जी कुणीच निवडली नाही ती होतच नाही. दोघांच्या डावात प्रत्येकी दोन निवडता येतात. मी बहुतेक वेळा लष्कराच्या मागे असतो, सुरुवातीचं जग म्हणून न्यू स्पार्टा मिळालं तर उत्तमच, म्हणजे मला सतत सेटल लागतं. वहिनीने हे ओळखून सेटल निवडणंच बंद केलं. माझ्या सेटलवर ती तिची जगं लावायची आणि स्वतःच्या दोन्ही निवडी प्रोड्यूस आणि दुप्पट कन्झ्यूमवर, चकत्यांचा नुसता पाऊस. मी बस चालवत होतो आणि ती फुकट प्रवास करत होती.

एकदा चिडून विचारलं, मी सेटलच घेणार हे तुम्हाला दर वेळी कळतं कसं? तर म्हणाली, "भावजी, लावायचा पत्ता ठरला की तुम्ही तो हाताच्या उजव्या टोकाला नेऊन ठेवता. पहिल्या दिवसापासून."

मला स्वतःला हे माहीत नव्हतं. न्यूरल नेटवर्कने मला कधी असं बघितलं नसतं.

चवथीच्या दुसऱ्या रात्रीचा डाव. पाहुणे झोपलेले, वर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळं-भाज्यांची चौकट), शेजारी नेवऱ्यांचं म्हणजे करंज्यांचं ताट (स्लीव्हजचा आणखी एक फायदा, तुपाची बोटं). माझ्याकडे न्यू स्पार्टाचे दोन, स्पेस मरीन्सचे दोन, ड्रॉप शिप्सचे तीन, मिळून सात लष्करी बळ, आणि हातात रिबेल होमवर्ल्ड, जो बरोबर सात बळावर मिळतो आणि सात पॉइंट देतो. वहिनीचे अकरा पत्ते लागलेले, तिचं बारावं लागलं की संपलं आणि चकत्या तिच्याकडे कितीतरी जास्त. मी सेटल घेतलं असतं तर तिने त्याच्यावरच बारावं लावलं असतं. मी हळूच एक बिनकामाचा पत्ता उजव्या टोकाला नेऊन ठेवला, जरा नीटनेटका करून, आणि एक्सप्लोर आणि डेव्हलप निवडलं.

पत्ते उलटले. तिचे प्रोड्यूस आणि दुप्पट कन्झ्यूम. सेटल कुणाचंच नाही. तिचं बारावं जग हातातच राहिलं. मी डेव्हलपमधे गॅलॅक्टिक इम्पीरियम लावलं, सहा किमतीचं, पण निवड माझी असल्यामुळे एक कमी, पाचच टाकावे लागले, आणि हा पत्ता प्रत्येक रिबेल लष्करी जगाचे वर दोन पॉइंट देतो. पुढच्या फेरीत सेटल घेऊन होमवर्ल्ड लावलं, तिनेही तिचं बारावं लावलं, गेम संपला. मी तीन पॉइंटने जिंकलो. वहिनी बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होती, मग म्हणाली "बरं", आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला, म्हणजे पिसा.

2008 सालचं द गॅदरिंग स्टॉर्म हे एक्स्पान्शन घ्यायचं मनात आहे, त्याने पाचवा खेळाडू बसतो आणि एकट्याने खेळायचीही सोय होते, पण दादा म्हणतो आधी आहे त्यात जिंका. चौघांत मला हा गेम तेवढा आवडत नाही, कुणाच्या मनात काय हे ओळखायचं गणित विस्कटतं आणि नशीब जास्त वाटतं. दोघांना मात्र डोळे झाकून घ्या, फक्त दुसरा माणूस तोच तोच असू द्या.

गेल्या रविवारी वहिनीने तिच्या हातातला एक पत्ता काढून उजव्या टोकाला नेला आणि खिडकीबाहेर बघत बसली. म्हटलं, माझीच युक्ती मला. ती सेटल घेणार नाही, आणि तिला मिळू नये म्हणून मीही घेतलं नाही. तिने घेतलं होतं.