ॲलर्जीच्या तपासण्या: टोटल आयजीई, प्रिक टेस्ट आणि मध्येच येणारे जंत

ॲलर्जीची शंका आली की बहुतेक वेळा पहिली तपासणी होते ती टोटल आयजीईची, म्हणजे रक्तातल्या आयजीई नावाच्या प्रतिपिंडाच्या एकूण प्रमाणाची. रक्ताची एक नळी दिली की एक आकडा हातात येतो, आणि तो मर्यादेच्या वर असला की रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापलेला असतो. आमचं मत आधीच सांगतो. ॲलर्जी आहे की नाही आणि कशाची आहे, हे ठरवायला हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. नीट केलेली प्रिक टेस्ट, म्हणजे त्वचेवर टोचून करायची चाचणी, त्याच्यापेक्षा कितीतरी सरस ठरते.

आयजीई हे काही फक्त ॲलर्जीचं प्रतिपिंड नाही. जंतांविरुद्धच्या लढाईत ते कायम हजर असतं. आतड्यात जंत शिरला की अस्तरातल्या पेशी इशारा देतात आणि टी-हेल्पर-२ नावाच्या रोगप्रतिकारक पेशी कामाला लागतात. त्या इंटरल्युकिन नावाचे निरोप देणारे रेणू सोडतात: इंटरल्युकिन-४ मुळे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी आयजीई बनवू लागतात, इंटरल्युकिन-५ मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि इंटरल्युकिन-१३ मुळे शेंबडासारखा चिकट स्राव वाढून आतडं जोरात हलायला लागतं. घुसखोराला सुटं करायचं, भिजवायचं आणि बाहेर ढकलायचं, हा त्यातला हेतू. हीच यंत्रणा नाकात परागकणांवर चालली की शिंका येतात आणि नाक गळतं.

टोटल आयजीईचा घोटाळा इथूनच सुरू होतो. जंतांच्या संसर्गात इंटरल्युकिन-४ इतकं वाढतं की जंतांशी संबंध नसलेल्या बी पेशीही आयजीई बनवतात. आकडा हजारांत जातो आणि ॲलर्जी मात्र काहीच नसते. उलटही घडतं: एकाच पदार्थाची जीवघेणी ॲलर्जी असलेल्या माणसाचं टोटल आयजीई अगदी नॉर्मल येऊ शकतं. गोल जंताच्या अळ्या फुफ्फुसांतून प्रवास करतात तेव्हा कोरडा खोकला आणि छातीत घरघर होते, इओसिनोफिलही वाढतात. कागदावर हा रुग्ण हुबेहूब दमेकरी वाटतो.

आता प्रिक टेस्टकडे येऊ. रक्तातलं आयजीई साधारण दोन दिवसांत निम्मं होतं, पण मास्ट पेशींना (ॲलर्जीत हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडणाऱ्या पेशी) चिकटलेलं आयजीई त्वचेत कित्येक आठवडे टिकतं. ही चाचणी थेट त्या पेशींनाच विचारते, म्हणून आम्हाला ती आवडते. हाताच्या आतल्या बाजूला दोन-दोन सेंटिमीटरवर संशयित पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवतात, तुलनेसाठी एक हिस्टामिनचा आणि एक नुसत्या सलाइनचा (मिठाच्या पाण्याचा) थेंबही ठेवतात, आणि प्रत्येक थेंबातून लॅन्सेटने (बारीक सुईने) हलकेच टोचतात. रक्त यायला नको. १५ ते २० मिनिटांत खाज सुटून गांधी उठते, आणि तिचा व्यास सलाइनच्या जागेपेक्षा किमान ३ मिलिमीटरने जास्त असेल तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात.

ही चाचणी कुठे बिघडते, ते ठाऊक हवं. हिस्टामिनच्या थेंबावर गांधी उठलीच नाही, तर बहुधा अंगात ॲलर्जीची गोळी शिल्लक आहे. अशा वेळी बाकीचे सगळे निगेटिव्ह निकाल बाद समजावेत. म्हणून अँटीहिस्टामिन गोळ्या ५ ते ७ दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात. नुसत्या सलाइनवरही गांधी उठली, तर त्वचा ओरखड्यालाच फुगणारी आहे. तिथे रक्तातलं स्पेसिफिक आयजीई, म्हणजे एकेका पदार्थाविरुद्धचं आयजीई, तपासणं बरं. थेंबागणिक नवा लॅन्सेट वापरत नसतील तर एका थेंबाचा अर्क दुसऱ्यात मिसळतो. दमा आटोक्यात नसेल तर ही चाचणी पुढे ढकलावी, आणि ॲड्रेनलिन हाताशी नसेल तिथे ती करूच नये.

स्पेसिफिक आयजीई ०.३५ च्या वर गेलं की रिपोर्टवर पॉझिटिव्ह लिहून येतं. त्याचा अर्थ शरीर त्या पदार्थाला ओळखतं एवढाच. त्रास होतोच असं नाही. ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूतलं प्रथिन धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे किडे), झुरळ, कोळंबी आणि गोल जंत यांच्यात बरंच सारखं असतं. त्यामुळे जंतांविरुद्ध तयार झालेलं आयजीई माइटच्या चाचणीतही चिकटू शकतं. लक्षणं जुळत नसतील तर अशा पॉझिटिव्हवर गाद्या-उशा बदलायची घाई नको, आणि कोळंबी बिनत्रास खाता येत असेल तर ती सोडायचंही कारण नाही.

शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी-४ (आयजीईहून वेगळं प्रतिपिंड) पॅनेल्स मात्र घेऊच नका. आयजीजी-४ हे बहुतेकदा तो पदार्थ खाण्यात असल्याचं आणि शरीराने तो सवयीचा करून घेतल्याचं लक्षण असतं. अशा यादीवरून मुलांचं दूध, गहू, अंडी बंद होतात आणि वाढीचं खरोखर नुकसान होतं.

टोटल आयजीई खूप जास्त आणि इओसिनोफिल ५०० च्या वर असतील तर आधी जंत शोधावेत. वेगवेगळ्या दिवशी शौचाचे तीन नमुने द्यावेत. अळ्या फुफ्फुसांत असतानाचा नमुना निगेटिव्ह येतो, कारण गोल जंताची अंडी शौचात दिसायला संसर्गानंतर दोन-तीन महिने जातात. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत नेहमीच्या तपासणीत सहज निसटतो, त्यासाठी रक्तातली प्रतिपिंड चाचणी मागून घ्यावी. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करण्याआधी याची खात्री व्हायलाच हवी, कारण स्टेरॉइडने हा जंत अंगभर पसरून जिवावर बेतू शकतं. जंतांचं औषध घेतल्यावरही आयजीई उतरायला महिने लागतात, म्हणून लगेच पुन्हा तपासण्यात अर्थ नाही.

टोटल आयजीई खरंच उपयोगी पडतं ते दोन ठिकाणी: फुफ्फुसातल्या ॲस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीवर लक्ष ठेवायला आणि दम्यासाठी ओमालिझुमॅब या आयजीईला जखडणाऱ्या औषधाचा डोस ठरवायला. हे इंजेक्शन सुरू झाल्यावर मात्र आकडा उलट वाढतो. औषधाला जखडलेलं आयजीई रक्तातून हळू बाहेर पडतं आणि चाचणी तेही मोजते, म्हणून त्या आकड्यावरून औषध लागू पडत नाही असं समजून इंजेक्शन बंद करू नये.