बोक्याची शुगर घरी बघायला ॲक्यु-चेक इन्स्टंट: घ्यावं का?

आधी उत्तर सांगते, घ्या. मांजराला डायबेटिस निघालाय आणि इन्सुलिन सुरू होणार असेल तर बाकीची खरेदी नंतर करा, पहिलं ग्लुकोमीटर आणा. मी मेडिकलमधे माणसांसाठी मिळतं ते साधं ॲक्यु-चेक इन्स्टंट आमच्या भुऱ्यासाठी वापरते. बाबांना शुगर आहे त्यामुळे मशीन घरात ओळखीचं होतं, पण भुऱ्यासाठी वेगळं घेतलं, कारण एकाच मशीनवर दोघांचे आकडे साठायला लागले की डॉक्टरांना दाखवताना गोंधळ होतो.

भुऱ्या म्हणजे वय झालेला, नसबंदी केलेला, घरातच राहणारा जाडजूड बोका. मांजरांमधे डायबेटिस ज्यांना जास्त होतो त्या गटात बरोब्बर बसणारा. पाणी भरपूर प्यायला लागला, लिटर बॉक्समधे शूचे गोळे मोठे यायला लागले, खाणं व्यवस्थित तरी वजन उतरतंय, आणि मागचे पाय पार टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण बऱ्याच जणांना ते म्हातारपण किंवा संधिवात वाटतं. शुगर खूप दिवस वाढलेली राहिली की नसांवर परिणाम होतो आणि मांजरं अशी चालतात, शुगर ताब्यात आली की बऱ्याच मांजरांचं ते हळूहळू सुधारतं सुद्धा.

आता घरी का तपासायचं. दवाखान्यात पिंजऱ्यातून नेलं, शेजारी कुत्री भुंकतायत, अनोळखी हातांनी धरलंय, एवढ्यानेच मांजराची शुगर चढते, अगदी डायबेटिस नसलेल्या मांजराची पण ३०० च्या वर जाऊ शकते. म्हणून डॉक्टर नुसत्या एका आकड्यावर निदान करत नाहीत, लघवीत साखर बघतात आणि फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ताची टेस्ट करतात, ती साधारण मागच्या एक-दोन आठवड्यांचं चित्र देते. निदानाला ती उत्तम. पण आज सकाळी सिरिंज हातात घेऊन उभं असताना डोस द्यायचा का नाही हे ती सांगू शकत नाही, ते फक्त घरचं मशीन सांगतं.

मशीन मांजरासाठी का आवडलं तर रक्त अगदी थोडं लागतं, ०.६ मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पण पुरतो, चारेक सेकंदात आकडा येतो, कोड वगैरे घालायची भानगड नाही. मांजर तुम्हाला दुसरी संधी देईलच असं नसतं त्यामुळे या गोष्टी खूप महत्त्वाच्या आहेत. रक्त कानाच्या कडेतून घ्यायचं. कडेने एक बारीक शीर जाते, ती आणि कानाची कड यांच्यामधली जागा. आधी कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने कान शेकायचा आणि नीट कोरडा करायचा, मग व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट फिरवायचं म्हणजे थेंब केसात पसरत नाही, गोल उभा राहतो. कानामागे कापूस धरायचा नाहीतर सुई आरपार आपल्याच बोटात जाते. बॉक्समधलं खटकन उडणारं पेन मी वापरत नाही, कानाशी तो आवाज झाला की भुऱ्या पळतो, सुई सरळ हाताने टोचते. टोचून झालं की कापसाने जरा दाबून धरायचं आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आता मशीनची पिशवी दिसली की हा स्वतःहून येऊन बसतो, खरंच.

अचूकतेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हे मशीन माणसाच्या रक्तासाठी बनवलंय. माणसाच्या रक्तात साखरेचा बराच वाटा लाल पेशींमधे असतो, मांजराची जवळपास सगळी साखर प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात असते, त्यामुळे माणसांची मशीन्स मांजराचा आकडा साधारणपणे खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. प्राण्यांसाठी वेगळं बनवलेलं अल्फाट्रॅक आहे, ते मिळत असेल आणि पट्ट्यांचा खर्च परवडत असेल तर आकडा जास्त बरोबर येईल. पण रोजच्या कामाला आकडा कुठून कुठे चाललाय ते कळणं महत्त्वाचं, आणि त्याला हे पुरतं, फक्त मशीन मधेच बदलू नका आणि कुठल्या मशीनवरचे आकडे आहेत ते डॉक्टरांना सांगा. किडनीच्या आजारामुळे मांजराचं हिमोग्लोबिन कमी झालं असेल तर तेही सांगा, रक्त पातळ असलं की मशीन उलट जास्त आकडा दाखवू शकतं.

याचा खरा उपयोग कर्व्ह, म्हणजे दिवसभरातल्या शुगरचा आलेख काढताना. सकाळी खाण्याआधी आणि इन्सुलिनच्या आधी एक रीडिंग, मग दर दोन तासांनी पुढच्या डोसपर्यंत. म्हणजे कळतं की इन्सुलिन काम कधी सुरू करतं, सगळ्यात खाली किती जातं आणि किती वेळ टिकतं. भुऱ्याला ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन आहे, दिवसातून दोनदा, डोस डॉक्टर या कर्व्हवरूनच ठरवतात. आम्ही आमच्या मनाने अर्धं युनिट पण वाढवत नाही आणि तुम्हीही वाढवू नका, जास्त शुगर काही दिवसांनी त्रास देते, कमी शुगर तासाभरात जीव घेऊ शकते. मांजर झोकांड्या खातंय, थरथरतंय, आकडा ७० च्या खाली आहे, तर खाऊ घाला, खात नसेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि फोन लावा. जेवलं नाही तर नेहमीचा डोस सवयीने टोचू नका, आधी विचारा.

सिरिंजचं पण इथेच सांगते कारण आपल्याकडे हा धोका मोठा आहे. मेडिकलमधे दोन प्रकार मिळतात, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची, म्हणजे एका मिलिलिटरमधे ४० किंवा १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीची. ग्लार्जिन सहसा १०० चं असतं. ते ४० च्या सिरिंजने भरलं तर खुणेपेक्षा अडीचपट डोस जातो, आणि एक-दोन युनिटवर असलेल्या मांजराला ते फार भारी पडेल. दुकानात प्रत्येक वेळी टोपणाचा रंग आणि पाकिटावरचा आकडा दोन्ही बघा.

चौदा दिवस अंगावर चिकटवायचा सेन्सर पण लोक मांजरांना लावतात, टोचाटोची वाचते आणि रात्रीचे आकडे मिळतात हे खरं, पण केस भादरावे लागतात, मांजराची कातडी सैल असल्यामुळे तो बरेचदा आधीच निघतो, आणि आकडा रक्ताच्या थोडा मागे असतो, त्यामुळे खूप कमी दाखवलं तर कानातून टोचून खात्री करावीच लागते. म्हणजे मशीन तरीही घरात हवंच.

एक गोष्ट मात्र हे मशीन करत नाही. कीटोन दाखवत नाही, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की रक्तात वाढणारे पदार्थ. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मधे मांजरांच्या डायबेटिससाठी बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला परवानगी मिळाली, आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी, तिकडे राहणाऱ्या कोणाच्या मांजराला ती चालू असेल तर नीट वाचा, त्या गोळीवर शुगर नॉर्मल दिसत असताना पण कीटोन वाढून मांजर गंभीर होऊ शकतं. इन्सुलिनवरच्या मांजराने सुद्धा खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, मलूल पडलं तर मशीनवरचा आकडा काहीही असो, लगेच दवाखाना. आणि डोस वाढवत जाऊनही शुगर खाली येत नसेल तर दात, लघवीचं इन्फेक्शन, थायरॉइड, आधी दिलेली स्टेरॉइडं, पिट्युटरी ग्रंथीचा आजार, हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्या.

खर्च मशीनचा नाही, पट्ट्यांचा आहे. एक पट्टी साधारण वीस रुपयांना पडते आणि कर्व्हच्या दिवशी सात-आठ सहज जातात. मोठा पॅक स्वस्त पडतो पण एक्सपायरी बघून घ्या, आणि पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं ठेवू नका, दमट हवेने पट्ट्या खराब होतात. पट्टी काढली की झाकण लगेच बंद, मग मांजर धरा.