सॉसेजच्या पाकिटातले बेसबॉलपटू: एका पॅकेजिंगवाल्याचं परीक्षण

विल्सन कंपनीने १९५४ साली फ्रँक सॉसेजच्या पाकिटात बेसबॉलपटूंची कार्डं घालायला सुरुवात केली, तेव्हा ती कार्डं पुढे सत्तर वर्षं कुणी जपून ठेवेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. आलं असतं तर मध्ये निदान एक मेणकागद घातला असता.

मी खाद्यपदार्थांच्या पॅकेजिंगमध्ये काम करतो. मूळचा इचलकरंजीचा, आता सिनसिनाटीत. सॉसेज आयुष्यात तोंडात घातलेलं नाही. आईला फोनवर या छंदाबद्दल सांगितलं तर पहिला प्रश्न, "म्हणजे ते घरात आणतोस?" आणतो, पण फक्त कागद. तोही सत्तर वर्षं जुना. तिला ते फारसं पटलेलं नाही.

तर हे परीक्षण १९५०च्या दशकात अमेरिकेत सॉसेज, वेफर्स, बिस्किटं आणि कुत्र्याचं खाणं यांच्याबरोबर फुकट मिळालेल्या बेसबॉल कार्डांचं. कुठल्या खेळाडूचं कार्ड किती डॉलरला जातं हे सांगणारे चिक्कार आहेत. मी बघतो ते एवढंच: कार्ड पाकिटात कसं गेलं, आतल्या मालाने त्याचं काय केलं, आणि ती खूण आज वाचता येते का. या कार्डांचा अभ्यास करायचा तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. खेळाडूचं नाव नंतर.

आधी थोडी पार्श्वभूमी. त्या काळी च्युइंगगमबरोबर येणाऱ्या कार्डांच्या बाजारात टॉप्स आणि बोमन या दोन कंपन्या खेळाडूंना करारात बांधायला एकमेकींवर तुटून पडल्या होत्या. १९५४ आणि १९५५ मध्ये त्या काळचा मोठा तारा मिकी मँटल बोमनकडे होता, टॉप्सच्या संचात तो नाही. स्टॅन म्युझियल तर १९५४ ते १९५७ या काळात दोघांच्याही संचांत नाही. पण गमवाल्यांना न मिळालेला म्युझियल सेंट लुईसच्या हंटर सॉसेजवर आहे आणि रेड हार्ट या कुत्र्याच्या खाण्याच्या कार्डांतही आहे. लहान कंपन्या गावातल्या किंवा शेजारच्या संघाला धरून राहायच्या: डेट्रॉइटचं ग्लेंडेल, कॅन्सस सिटीचं रोडिओ, वॉशिंग्टनचं ब्रिग्ज. तो माल जिथे विकला जायचा तेवढंच त्या कार्डाचं जग. म्हणूनच ही 'रीजनल' कार्डं शोधायला कठीण आणि म्हणूनच मजेची. आपल्याकडे बिग फन बबलगमच्या वेष्टनावरच्या धावा आणि विकेट जमवलेल्यांना यातली नशा वेगळी सांगायला नको.

आता मालाकडे.

विल्सनच्या संचात २० कार्डं. प्रत्येकावर खेळाडूबरोबर सॉसेजचं पाकीटही छापलंय, आणि ते हवेत तरंगतंय. टेड विल्यम्स, रॉय कॅम्पनेला, बॉब फेलर यांच्यासारखे दिग्गज, आणि शेजारी चेंडूच्या जागी सॉसेजचा पुडा! जाहिरात म्हणून मी याला पैकीच्या पैकी देईन. पॅकेजिंग म्हणून मात्र नापास. कार्ड थेट मालाबरोबर, चरबी आणि ओलावा दोन्हींच्या तावडीत. चरबीचा डाग पडलेलं विल्सन हे नेहमीचं दृश्य. स्वच्छ विल्सन समोर आलं की मी आधी खूश होतो आणि लगेच भिंग काढतो.

डॅन-डीबद्दल मला जास्त बोलायचंय. क्लीव्हलंडची ही वेफर्सवाली कंपनी. १९५४ चा २९ कार्डांचा संच, मुख्यतः क्लीव्हलंड आणि पिट्सबर्गचे खेळाडू, वर पाहुणा म्हणून मँटल. वर्षही बरोबर निवडलेलं, त्याच हंगामात क्लीव्हलंडने १११ सामने जिंकले. या लोकांनी निदान विचार केला होता: कार्डाच्या पृष्ठभागावर मेणाचा थर दिला. तरीही बहुतेक कार्डांवर तेल उतरलेलं दिसतं. याचं कारण कामाच्या ठिकाणी मी तरुण मुलांना समजावतो तेच. थर पृष्ठभागावर असतो, कडांवर नसतो. कागद कापला की कडेला तंतू उघडे पडतात आणि तेल तिथून आत शिरतं. शिवाय थराला जरा ओरखडा पडला की तिथूनही वाट मिळते. चिवड्याच्या पुडीला तेल फुटतं तसं ते मधोमध फुटत नाही, कडेकडून आत सरकत येतं. त्यामुळे डॅन-डीचं कार्ड हातात आलं की मी ते उजेडासमोर धरतो. तेल प्यायलेला कागद पारदर्शक होतो, आणि ती पारदर्शक पट्टी कडेपासून सुरू होत असेल तर माझा जीव भांड्यात पडतो. मधोमध गोल डाग आणि कडा कोऱ्या, असं असेल तर विक्रेत्याला दोन प्रश्न जास्त विचारतो.

याच संचात वॉकर कूपरचं कार्ड दुर्मीळ आहे. कूपर १९५४ चा हंगाम चालू असताना पिट्सबर्ग सोडून शिकागोला गेला. डेट्रॉइटच्या १९५३ च्या ग्लेंडेल संचात आर्ट हॉटमनचं कार्ड असंच सापडत नाही, आणि तोसुद्धा जून १९५३ मध्ये क्लीव्हलंडला गेला. योगायोग मानायला मी तयार नाही. स्थानिक कंपनीला दुसऱ्या गावच्या खेळाडूचा काय उपयोग? पण हे ताडायचं तर खेळाडूंच्या अदलाबदलीच्या तारखा शेजारी ठेवून बसावं लागतं. किमतीच्या पुस्तकात कार्ड दुर्मीळ असल्याची फक्त खूण असते.

हंटरने कार्ड आत घातलंच नाही, सॉसेजच्या वेष्टनावरच छापलं. ते कात्रीने कापून घ्यायचं. आईने घाईत कापलं की म्युझियलचा कोपरा गेला. इथे डागापेक्षा कातरकाम बघायचं, बाकी विशेष नाही.

आता माझ्या सध्याच्या गावचा, सिनसिनाटीचा ब्रँड, काह्न्स. घोषवाक्य होतं 'द वीनर द वर्ल्ड अवेटेड', म्हणजे जगाने वाट पाहिलेलं सॉसेज, आणि सुरुवातीच्या वर्षांत ते कार्डाखालच्या पट्टीवर खेळाडूच्या सहीसोबत छापलेलं. १९५५ ते १९६९ अशी सलग पंधरा वर्षं यांनी कार्डं काढली. मांसवाल्यांच्या कार्डांत इतकं सातत्य दुसऱ्या कुणाचं नाही. पहिल्या वर्षी फक्त ६ कार्डं: गस बेल, टेड क्लुझेव्स्की, रॉय मॅकमिलन, जो नक्सहॉल, वॉली पोस्ट आणि जॉनी टेंपल. यांची गंमत अशी की खेळाडू बेसबॉलच्या गणवेशात नाहीतच, रोजच्या कपड्यांत आहेत. क्लुझेव्स्की म्हणजे दंड मावत नाहीत म्हणून गणवेशाच्या बाह्या कापून टाकणारा गडी. त्याने १९५४ मध्ये ४९ होमरन (बेसबॉलमधले षटकारच म्हणा) मारल्या होत्या. त्याला साध्या कपड्यांत बघून हा कुणी विमा एजंट असावा असंच वाटतं.

आणि ही ६ कार्डं पाकिटातून आलीच नाहीत. शहरातल्या एका करमणूक उद्यानातल्या कार्यक्रमात ती वाटली गेली. म्हणजे चरबीशी संबंध नाही. १९५५ च्या काह्न्सवर तेलाचा डाग दाखवून कुणी 'अस्सल सॉसेजच्या पाकिटातलं' असं सांगू लागला, तर तो डाग घरच्या जेवणाच्या टेबलावरचा आहे हे ओळखावं. मागची बाजूही नीट बघावी. सुरुवातीच्या वर्षांत ती कोरी असते. १९५८ पासून तिथे खेळाडूच्या कारकिर्दीतल्या सर्वात थरारक क्षणाची गोष्ट येते. पिट्सबर्गचे लोक संचात त्याच्या आदल्या वर्षीच आलेले. काळ्या-पांढऱ्या छपाईला मी पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, आता तीच आवडते. १९६४ मध्ये रंग आले, पुढे मोठा तारा झालेला पीट रोझही आला आणि भावही चढला. माझा जीव मात्र जुन्यांतच रमतो.

मिल्वॉकीच्या जॉन्स्टन कुकीजमध्ये कोरडा माल, त्यामुळे डागांची तक्रार कमी. १९५४ चा संच ३५ कार्डांचा, उभट आणि अरुंद, आणि कार्डाचा क्रमांक म्हणजे खेळाडूच्या पाठीवरचा क्रमांक. पुढे बेसबॉलचा महान फलंदाज ठरलेला हँक आरन इथे ५ नंबरवर आहे. जगाला माहीत असलेला त्याचा ४४ त्याने पुढच्या वर्षी घेतला, आणि जॉन्स्टनच्या १९५५ च्या संचात त्याचं कार्डही ४४ वर गेलं. त्याच १९५४ च्या संचात ३४ नंबरवर बॉबी थॉमसन आहे. सरावाच्या सामन्यांत त्याचा घोटा मोडला म्हणून संघात जागा झाली आणि वीस वर्षांचा आरन आत आला. दोघं एकाच बिस्किट कंपनीच्या संचात आहेत, यापुढे मी आणखी काय सांगू!

रेड हार्ट हा सगळ्यांत हुशार प्रकार, आणि सगळ्यांत कमी रोमांचक. जॉन मॉरेल कंपनीचं कुत्र्याचं डबाबंद खाणं. ३३ कार्डं, ११-११ च्या तीन मालिका, तीन रंगांच्या पार्श्वभूमीवर. डब्यात काही नाही. दोन लेबलं आणि १० सेंट पोस्टाने पाठवायचे, मालिका घरी यायची. कार्डाचा मालाशी स्पर्शच नाही, त्यामुळे आज ती स्वच्छ मिळतात. उरलेला साठा कंपनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत देत होती म्हणे, आणि कार्डांचा चेहरामोहरा बघता ते खोटं वाटत नाही. हेच शहाणपण क्रॅकर जॅकने चाळीस वर्षं आधी दाखवलं होतं. १९१४ ची १४४ कार्डं काकवीच्या पाकात माखलेल्या मक्याच्या लाह्यांत पडली आणि डागाळली. १९१५ मध्ये १७६ कार्डांचा आख्खा संच १०० कूपनं, किंवा एक कूपन आणि २५ सेंट पाठवून मागवता यायचा. म्हणूनच १९१५ ची कार्डं चांगल्या अवस्थेत जास्त सापडतात. दोन्ही वर्षांतला फरक ओळखायची सोपी खूण: १९१५ च्या कार्डाची मागची छपाई पुढच्या बाजूच्या तुलनेत उलटी आहे.

माहिती शोधायची कुठे? पहिला दरवाजा फुकट आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा वृत्तपत्रसंग्रह १९६३ पर्यंत येतो, आणि त्यात वॉशिंग्टनचं ईव्हनिंग स्टार आहे. ब्रिग्जच्या कार्डांवर काम करणाऱ्याने तिथेच तळ ठोकावा. मात्र 'बेसबॉल कार्ड' असं शोधू नका. किराणा दुकानांच्या जाहिरातींत शोधा, मालाच्या नावाने शोधा. कार्डाचा उल्लेख असलाच तर भावाखालच्या बारीक ओळीत असणार. दुसरं ठिकाण न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय. सिरॅक्यूजजवळचा जेफरसन बर्डिक नावाचा कामगार, संधिवाताने बोटं वाकडी झालेली, त्याने तीन लाखांवर छापील चिठोऱ्या तिथे दान केल्या आणि १९६३ मध्ये मरेपर्यंत स्वतः अल्बममध्ये चिकटवल्या. बेकरीच्या कार्डांना डी, खाद्यपदार्थांना एफ, जुन्या मिठाईवाल्यांना ई ही अक्षरं त्याचीच, आजही सगळे तीच वापरतात. क्रॅकर जॅक म्हणजे ई १४५. संग्रहातली बरीच चित्रं घरबसल्या बघता येतात. एकच अडचण, चिकटवलेल्या कार्डाची मागची बाजू कागदाखाली गेलेली असते, आणि माझ्यासारख्याला तर मागचीच बाजू हवी असते.

हत्यारं साधी आहेत: दहापट भिंग आणि एक अतिनील टॉर्च. पहिल्या महायुद्धाच्या काळातला कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकला तर कार्ड बाजूला ठेवा. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती रसायनं तेव्हा वापरात नव्हती. १९५० नंतरच्या कार्डांना मात्र ही परीक्षा पुरेशी नाही, त्या कागदांत ती असू शकतात.

ग्रेडिंगबद्दल माझं भांडण आहे आणि ते मिटणार नाही. प्लास्टिकच्या खोक्यात बंद करून कार्डाला आकडा देतात, आणि डाग दिसला की आकडा खाली येतो. फाटणं, दुमडणं यांना कमी गुण द्या, मान्य. पण वेफर्सच्या पिशवीतल्या कार्डावर कडेकडून उतरलेलं तेल हा त्या कार्डाचा जन्मदाखला आहे. तो असला की गुण कापायचे, हे गणित मला कळत नाही. आमच्या धंद्यात माल आणि वेष्टन यांची एकमेकांवर काय क्रिया झाली हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत पैसे मोजतात. इथे ती माहिती फुकट मिळतेय आणि लोक ती दोष म्हणून विकतात. माझ्या पथ्यावरच पडतंय म्हणा, कारण डागाळलेली डॅन-डी त्यामुळेच माझ्या खिशाला परवडतात.

आणि हो, केलॉग्जची १९७० ते १९८३ ची (१९७३ सोडून) त्रिमितीय कार्डं दिसायला भन्नाट आहेत, पण कागदावर रेघांच्या प्लास्टिकचा थर चिकटवलाय. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, प्लास्टिक तसंच राहतं. मग कार्ड वाकतं, आणि सरळ करायला गेलात की पुढून तडकतं. हात लावू नका, लावलात तर दाबू नका.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने १९६१ ते १९६३ ची पोस्ट सीरियलची कार्डं घ्यावीत. दरवर्षी २००, देशभर निघालेली, त्यामुळे सामान्य खेळाडूंची स्वस्तात मिळतात. खोक्याच्या मागून कात्रीने कापलेली असल्याने कातरकाम, पुठ्ठा, कडा हे सगळं त्यांच्यावर शिकता येतं. मग एखादं साधं काह्न्स. विल्सनचा विल्यम्स शेवटी, आणि तोही डागासकट मिळाला तरच.