गच्चीवरील भाज्यांसाठी बारीक विणीची जाळी : एक अभिप्राय

मुंबईत गच्चीवर टोमॅटो, मिरची किंवा अंजीर लावले की बुलबुल आणि पोपट यांची हजेरी ठरलेलीच असते. दादरच्या एका दुकानातून घेतलेली पांढरी, बारीक विणीची जाळी मी हंगामभर वापरली असून ती मनापासून सुचवावीशी वाटते. मोठ्या छिद्रांची स्वस्त नायलॉनची जाळी मात्र कोणीही घेऊ नये, कारण तिच्यात पक्ष्याचा पाय किंवा पंख अडकला की तो जसजसा धडपडतो तसतसा धागा अधिकच रुतत जातो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात घरगुती फळझाडांवर ताणलेल्या स्थितीत ५ मिलिमीटरपेक्षा मोठे छिद्र असलेली जाळी वापरण्यास २०२१ पासून मनाई आहे. दुकानातच जाळी ताणून पाहावी आणि तिच्यातून बोट आरपार गेले, तर ती परत ठेवावी.

ही जाळी झाडावर नुसती पांघरून चालत नाही; फळ तिला टेकले की पोपट बाहेरूनच चोच मारतो. म्हणून पीव्हीसी पाइपांचा सांगाडा करून तिच्या कडा कुंड्यांखाली घट्ट दाबाव्यात. टोमॅटो आणि मिरचीला बंद जाळीतही फळ धरते, परंतु काकडी आणि कारल्याला मधमाश्या हव्यातच, त्यामुळे त्यांची फुले उमलतात त्या सकाळच्या वेळी जाळी वर करावी लागते. पावसाळी वाऱ्यात काठाची शिवण उसवली, एवढीच माझी तक्रार आहे. विक्रेत्याने दुहेरी शिवण दिल्यास थोडे जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही.